द्यायच्या साड्या

लताबाईंनी योगराजच्या टेबलावर आधी पिशवी ठेवली. पिशवीतून चष्मा काढला, मग टोक केलेली पेन्सिल काढली, आणि वर बघून म्हणाल्या, "हं. आता सांगा, माझे पैसे कुठे कुठे कामाला जाणार?"

योगराजने सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणाने खिडकीकडे पाहिलं. आईला गुंतवणुकीच्या या ऑफिसात आणायचं म्हणजे असं काहीतरी होणार, हे ती धरूनच चालली होती.

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार होता. लताबाई सकाळच्या एसटीने धुळ्याहून जळगावला आल्या होत्या. येताना कळण्याच्या भाकरीच्या पिठाचा डबा आणला होता आणि पारोळ्याला बस किती वेळ थांबली याची तक्रार आणली होती. साक्री तालुक्यातल्या शाळांमधून चौतीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या, त्यालाही तेरा वर्षं होऊन गेली होती. बँकेतली एक ठेव पिकली होती आणि ती कुठे ठेवायची हे ठरवायचं होतं. त्या दिवसात एवढंच काम होतं. आणि दुपारी सुलक्षणाच्या मुलीच्या, सारिकाच्या, साखरपुड्याची थोडी खरेदी.

"कामाला म्हणजे, अक्का?" योगराज म्हणाला.

"म्हणजे मी फंडात पैसे ठेवले, तर ते पैसे कुठल्या तरी कारखान्यात जाणार ना? त्या कारखान्यांची नावं दाखवा. माझा पोरगा नोकरीला लागला तेव्हा मी त्याची कंपनी जाऊन बघून आले होते."

योगराजने यादी छापून दिली. लताबाई ती दहावीच्या पेपरासारखी तपासू लागल्या. मधूनच विचारत, "ही काय बनवते?" योगराज फोनवर शोधून सांगे. मग धूर सोडणारी, नदी नासवणारी असेल तर रेघ, नाही तर बरोबरची खूण. शेवटी बासष्ट नावांतली चाळीसेक खोडून झाली.

"उरलेल्यात ठेवा," त्या म्हणाल्या.

"अक्का, तसं नाही करता येत. फंड म्हणजे मिसळीसारखा असतो. सगळं एकत्र. शेव नको म्हणून शेव वेचून काढता येत नाही."

"मी आयुष्यभर शेव वेगळीच मागत आले," लताबाई म्हणाल्या. "तुम्ही सांगून तर बघा मालकाला."

योगराज मोठ्याने हसला. सुलक्षणाही हसली, पण तिचे कान गरम झाले होते. ती कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होती. नद्यांवर, हवेवर, तापत चाललेल्या पृथ्वीवर आलेली सगळी पुस्तकं आधी तिच्या हातातून जात आणि मग कपाटात. ती वाचतही असे, पण त्यांतलं काही चारचौघांत बोलून दाखवावं असं तिला कधी वाटलं नव्हतं. आईने मात्र गेल्या वर्षी गच्चीवर सौर पॅनल बसवून घेतले आणि आल्यागेल्याला जिन्याने वर नेऊन दाखवले. सुरतेहून तिचा धाकटा भाऊ जितेंद्र म्हणाला होता, "आई, पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील?" तर म्हणाली, "मला रोज सकाळी डोळ्यांनी बघता येते अशी ही एकच गुंतवणूक आहे. वसूल होतेय."

सोमवारी कळवते म्हणून लताबाई उठल्या.

फुले मार्केटात रुपचंदशेठच्या दुकानात गादीवर बसल्या बसल्या शेठने नेहमीचा प्रश्न विचारला, "नेसायच्या दाखवू की द्यायच्या?"

"द्यायच्या," सुलक्षणा म्हणाली. "चाळीसेक."

साड्यांचा ढीग पडला. चकचकीत, हलक्या, एकीवर एक घसरणाऱ्या. लताबाईंनी एक उचलली, पदर उन्हाकडे धरला, बोटांत चुरगाळली.

"शेठ, ही नेसतं कोण?"

"अक्का, तुम्ही काय परक्या आहात का? ही नेसत नाहीत. देतात."

"आणि धुतली तर?"

"धुवायची वेळ येते कुठे? ही इथून जामनेरला जाणार, जामनेरहून चाळीसगावला, तिथून आणखी कुठे. मागच्या वर्षी माझ्याच दुकानातली साडी माझ्या बायकोला आहेरात आली. माझी चिठ्ठी तशीच लागलेली!"

सगळे हसले. लताबाईही खळखळून हसल्या. आणि मग हसू न आवरताच म्हणाल्या, "मग फिरून फिरून शेवटी जाते कुठे?"

शेठने साडीची घडी घालायला घेतली. हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं.

सुलक्षणा उठली. "पुन्हा येते," एवढं म्हणून तिने आईला बाहेर काढलं.

बाहेर उसाच्या रसाच्या गाडीशी दोघी उभ्या राहिल्या. लताबाई म्हणाल्या, "ज्या पाच-सहा जणींना मनापासून द्यायचंय, त्यांना चांगली सुती दे. नेसतील."

"आणि बाकीच्या पस्तीस?"

"त्यांना पोटभर जेवायला घाल."

"आई, सारिकाच्या सासरहून, कामिनीताईंकडून, साड्या येणार. आपण नाही दिल्या तर सारिकाला जन्मभर ऐकावं लागेल." आणि मग आवाज खाली आणून, जसं ती ग्रंथालयात बोलत असे, तसं ती म्हणाली, "तुझं ठीक आहे गं. तू एकटी राहतेस. मला लोकांत राहायचंय."

लताबाईंनी उरलेला रस संपवला. चारची बस मिळाली. खिडकीतून वाकून म्हणाल्या, "माझी पेन्सिल योगराजकडे राहिली बघ. आणशील तेव्हा आण." बस गेली.

सुलक्षणा स्टँडवरून घरी गेली नाही. ती परत मार्केटात गेली आणि दहा मिनिटांत चाळीस साड्या घेतल्या. रंगसुद्धा निवडले नाहीत. शेठने गठ्ठा बांधून दिला आणि तो रिक्षात पायाशी घेऊन ती घरी आली, तेव्हा तिला वाटलं, झालं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला धुळ्याहून शेजारच्या बेबाबाईंचा फोन आला. लताबाई रोजच्याप्रमाणे पॅनलवरची धूळ पुसायला गच्चीवर गेल्या होत्या. कपडा हातात घेऊन कठड्याशी टेकून बसलेल्या सापडल्या.

*

पुढचे दिवस भेटायला येणाऱ्यांच्या चपला लावण्यात आणि चहात गेले. सुलक्षणा धुळ्यातच राहिली. सुरतेहून आलेला जितेंद्र दिवसभर खुर्च्या मांडत आणि उचलत होता. त्याला हाताला काम लागत होतं. तो साड्यांच्या मिलमध्ये रंगाच्या खात्यात होता, वीस वर्षं.

सातव्या दिवशी गंधमुक्तीच्या, सुतक फिटायच्या दिवसाच्या, तयारीची यादी काढायला दोघं बसली. मांडव, आचारी, भजनी मंडळ. मग जितेंद्र म्हणाला, "नातेवाईक साड्या, टॉवेल-टोप्या आणतील. परतीला आपल्याकडूनही लागतील. मी सुरतेहून मागवून घेतो, मिलच्या भावात पडतील."

सुलक्षणाने आईचं कपाट उघडलं होतं. आत नेसायच्या आठ सुती साड्या होत्या. द्यायची एकही नव्हती. असं कपाट तिने आजवर कुठल्या बाईचं पाहिलं नव्हतं.

"आईला आवडलं नसतं," ती शेवटी म्हणाली.

"ताई, आईला काय काय आवडत नव्हतं ते मला नको सांगू. माझं घर त्याच साड्यांवर चालतं." मग त्याचा आवाज उतरला. "ती मला कधी टाकून बोलली नाही. एवढंच विचारायची, आज नाल्याला कुठला रंग होता रे? मी सांगायचो, आज जांभळा. आज पिवळा. मला वाटायचं, गंमत म्हणून विचारते."

ओसरीवर भटूमामा बसला होता. लताबाईंचा थोरला भाऊ, पिंपळनेरचा शेतकरी. सात दिवसांत तो सात वाक्यं बोलला नसेल. तो आत चाललेलं ऐकत होता. त्याने सुलक्षणाला हाक मारून जवळ बसवलं.

"तुनी मायनी तुले सांगं नही?" त्याने विचारलं.

"काय, मामा?"

मग त्याने सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या मक्यात रानडुकरं शिरत होती. लताबाईंच्या घरात तेव्हा द्यायच्या साड्यांनी पेटी भरलेली. त्यांना युक्ती सुचली. वाया जाण्यापेक्षा साड्या शेताच्या कडेने कुंपणासारख्या बांधायच्या, रंग हलताना बघून डुकरं येत नाहीत. जुन्या शाळेतल्या बायांकडूनही गोळा केल्या आणि रिक्षा करून पिंपळनेरला नेल्या. डुकरं खरंच थांबली. गावाला कौतुक वाटलं. बाईंची अक्कल, म्हणून आणखी दहा शेतांना साड्या लागल्या.

दोन उन्हाळ्यांत त्यांच्या चिंध्या झाल्या. वाऱ्याने शेतभर उडाल्या, नांगराला गुंडाळल्या, चाऱ्यात गेल्या. तिसऱ्या वर्षी मामाची गाय खायची थांबली. डॉक्टरने पोट फाडलं तेव्हा आतून साडीच्या काठाचा गोळा निघाला, हिरवा, जरीसकट.

"गाय मरी गयी," मामा म्हणाला. "मी तिले सांगं, ह्यामा तुना काय दोष शे? तर म्हने, दोष मनाच शे, भाऊ." पुढे दर दिवाळीनंतर ती यायची आणि पिशवी घेऊन चिंध्या वेचत वावरात फिरायची. "बठ्ठं वावर तिनी एकलीनी येची काढं. अजून निंघतस."

सुलक्षणा ओसरीच्या फरशीकडे बघत राहिली. दिवाळीनंतर आई माहेरी जाते, विसाव्याला, असं ती लोकांना सांगत आली होती. आईचं हे खूळ वर्तमानपत्रातल्या पुरवण्या वाचून आलंय, असंही सांगत आली होती. एकदा तर आईसमोरच, चार बायांत, हसत म्हणाली होती, "आमच्या आईला निवृत्तीनंतर पर्यावरण झालंय." आई तेव्हाही हसली होती. गाईचं काही बोलली नव्हती.

उठून ती गच्चीवर गेली. पॅनलवर आठवड्याची धूळ बसली होती. तिने ओल्या फडक्याने एकेक पॅनल पुसलं, कोपऱ्यापासून, जसं आई पाटी पुसायची. मग तिथूनच तिने सारिकाला फोन लावला.

"कपाटावर गठ्ठा आहे ना साड्यांचा, तो रुपचंदशेठकडे परत कर."

अर्ध्या तासाने सारिकाचा फोन आला. "शेठ म्हणतात, पैसे परत नाही, पण अक्का गेल्याचं ऐकलं, म्हणून बदलून देतो. सुतीत सहाच येतील."

"सहाच आण."

"मम्मी," तिने विचारलं. "कामिनीकाकूंना कोण सांगणार? त्या गंधमुक्तीला येणारेत. साडी घेऊन येणार, म्हणजे येणारच."

"मी सांगेन."

"तू?" सारिका म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. तेच लागलं.

गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी योगराज भेटायला आला. त्याने लताबाईंची पेन्सिल आणली होती, आणि दोन कागद. "अक्कांनी सांगितलं होतं, मालकाला विचारून बघा म्हणून. विचारलं. शेव वेगळी देणारे दोन फंड निघाले," तो म्हणाला. हसावं की नाही हे न कळून त्याचा चेहरा मध्येच अडकला. "पूर्ण वेगळी नाही, थोडी पडतेच. पण अक्कांनी खोडलेल्यांतल्या बहुतेक कंपन्या यात नाहीत. आणि त्या दिवसापासून मी दोघा-तिघांना आपणहून यादी दाखवली, ताई. लोक वाचतात. मला वाटायचं, कुणाला पडलेलीच नसते."

आईच्या ठेवीला वारस म्हणून दोघांची नावं होती. सुलक्षणाने यादी सावकाश वाचली, एक नाव स्वतः खोडलं आणि योगराजला त्याबद्दल विचारलं. मग कागद जितेंद्रपुढे ठेवला. तो बराच वेळ वाचत बसला. "आमची मिल यात नाही," तो म्हणाला आणि सही केली. थोड्या वेळाने, मान खाली घालून, "सुरतेहून मी काही मागवलेलं नाही. पण उद्या लोकांशी तू बोलायचं. मी नाही बोलणार. माझ्या तोंडी ते शोभायचं नाही."

*

गंधमुक्तीच्या दिवशी गल्लीत मांडव भरला होता. भजन संपलं, फोटोला फुलं वाहून झाली आणि पिशव्या उघडायची वेळ आली. ही वेळ ओळखता येते. बायका आपापल्या पिशव्या मांडीवर घेतात आणि आधी कोण उठतं ते बघतात.

आधी कामिनीताई उठल्या. जामनेरच्या, सारिकाच्या होणाऱ्या सासूबाई. हातात कुंकवाची डबी, दुसऱ्या हातात कागदी खोक्यातली साडी. सुलक्षणासमोर येऊन थांबल्या.

"ताई, उठा. पदर करा."

सुलक्षणा उठली. पदर केला नाही. तिने कामिनीताईंचा साडी धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. मांडवातली कुजबुज थांबली. मागे सारिका उभी होती. तिच्याकडे न बघताही सुलक्षणाला ती दिसत होती.

"कामिनीताई, ही मी घेणार नाही," ती म्हणाली. ग्रंथालयातला तो हळू आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचला नाही. कुणीतरी म्हणालं, "काय म्हणे?" तिने घसा साफ केला. "आज कुणाकडूनच घेणार नाही. आणि देणारही नाही. टॉवेल-टोपीसुद्धा नाही. राग मानू नका. सारिकाच्या साखरपुड्यालाही आमच्याकडून सहाच साड्या येतील, नेसायच्या. त्यातली एक तुमची."

"म्हणजे आमचं काही चुकलं का?" कामिनीताईंचा चेहरा उतरला.

"तुमचं नाही." आणि मग तिने सांगितलं. मक्याचं, डुकरांचं, गाईचं. ती सांगत असताना भटूमामा मांडवाच्या खांबाला टेकून मान हलवत होता. नीट सांगता आलं नाही तिला. आधी गाय सांगितली, मग साड्या, मग पुन्हा मागे येऊन डुकरं.

तिचं सांगून झालं. मग कामिनीताईंनी हातातल्या खोक्याकडे पाहिलं.

"खरं सांगू का, ताई?" त्या म्हणाल्या. "ही मला भाच्याच्या लग्नात आली होती. मी खोकंसुद्धा उघडलं नाही. रंग कुठला आहे ते मलाही माहीत नाही."

दुसऱ्या रांगेतून बेबाबाई म्हणाल्या, "उघडा की मग, बघू तरी!" आणि कुणीतरी हसलं, आणि एक म्हातारी म्हणाली, "मी आणलेली तर मला वाटतं माझ्याच घरातली असेल, मागच्या साली गेलेली," आणि मांडवभर हसू पसरलं. दुःखाच्या घरी हसतात तसं, तोंडाला पदर लावून. पिशव्या मांडीवरून उतरून खुर्च्यांखाली गेल्या. सगळ्यांच्या नाही. पलीकडच्या कोपऱ्यात दोघी-तिघी ओठ आवळून बसल्या होत्या, आणि त्या जेवणाआधीच निघून जाणार हे सुलक्षणाला दिसत होतं. कामिनीताईंनी मात्र कुंकवाची डबी उघडली आणि तिच्या कपाळाला नुसतं बोट टेकवलं. "सहातली एक माझी म्हणालात ना? मग निळी ठेवा," त्या म्हणाल्या. "मी खरंच नेसते." जितेंद्रने मागे वळून डोळे पुसले आणि पुन्हा खुर्च्या सरळ करायला लागला.

एवढ्यावर खाली बसता आलं असतं. सगळ्यांना वाटलंही, ती बसणार. पण सुलक्षणा फोटोकडे वळली. फोटोत आई शाळेतल्यासारखी बघत होती, कुणीतरी उत्तर देईल म्हणून.

"आई," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मला तुझी लाज वाटायची गं. दुकानात, ऑफिसात, चार बायांत. तुझं बरोबर आहे हे मला आधीपासून कळत होतं. म्हणूनच वाटायची."